कौसल्या काय म्हणाली

रायपुरात पाहुणे आले की त्यांना चंदखुरीला न्यायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता. शहरापासून पंचवीसेक किलोमीटर. तळ्याच्या मधोमध देऊळ, पुलावरून चालत जायचं, आत कौसल्या आणि तिच्या मांडीवर बाळ राम. कौसल्या ही दक्षिण कोसलची, म्हणजे आजच्या छत्तीसगडची लेक, अशी इथली श्रद्धा. त्यामुळे राम इथे देव असण्याआधी भाचा आहे. इथल्या घरांत पिकल्या केसांचा मामासुद्धा शाळकरी भाच्याच्या पाया पडतो, आणि पुण्या-नाशकाकडून आलेल्या पाहुण्यांना त्याची फार गंमत वाटते. 2021 साली देवळाचा परिसर नव्याने सजवला, तेव्हापासून गर्दी वाढली. मांडीवर लेकरू घेतलेल्या त्या माउलीचा फोटो सगळे काढतात.

बोलणारी कौसल्या कुणाला फारशी ठाऊक नसते. मलाही नव्हती. माझे सासरे पहाटे वाल्मीकी रामायण वाचत, आणि मी चुलीपाशी बसून अर्धं-मुर्धं ऐकत असे. अयोध्याकांडाच्या विसाव्या सर्गात राम वनवासाची बातमी सांगायला आईकडे जातो. ती कोसळते, सावरते आणि मग जे बोलते ते कुठल्याही देवळाच्या भिंतीवर कोरलेलं मी पाहिलेलं नाही. ती मुलाला तोंडावर सांगते की तू जन्मलाच नसतास तर हे दुःख माझ्या वाट्याला आलं नसतं. वांझ बाईला एकच दुःख असतं, मूल नसल्याचं. त्यापलीकडे तिला दुसरं काही नसतं. नवऱ्याच्या राज्यात सुख पाहिलं नाही, ते मुलाच्या राज्यात पाहीन म्हणून सतरा वर्षं काढली. आता धाकट्या सवतींची बोलणी खात राहायचं. तुझ्यासाठी केलेली व्रतं, दानं, उपास सगळं खारवट जमिनीत टाकलेल्या बियाण्यासारखं वाया गेलं.

हे ऐकून मी हातातलं काम थांबवलं. सासऱ्यांच्या ते लक्षात आलं असावं. म्हणाले, “मनावर घ्यायचं नाही, सूनबाई. दुःखात बोलली आहे ती.”

तेव्हा मी काही बोलले नाही. घरात सासऱ्यांना उलट विचारायची पद्धत नव्हती. पण दुःखात माणूस खोटं बोलतं का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याजवळ पडून आहे, आणि हे पुस्तक त्या प्रश्नातून निघालं आहे.

पुस्तक म्हणजे काय, तर तात्यापारा, बूढापारा, चौबे कॉलनी, समता कॉलनी अशा रायपूरच्या जुन्या-नव्या वस्त्यांतल्या चौदा मराठी बायकांनी आपापलं आईपण सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं. सगळ्यात थोरल्या त्र्याऐंशी वर्षांच्या, सगळ्यात धाकटी तिशीची. काही घराणी भोसल्यांच्या काळात नागपूरहून इकडे आलेली, काही रेल्वेच्या नि भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या नोकरीपायी आलेली. भाषा आमची खास इथली. तिला हिंदीचा वास आहे आणि छत्तीसगढीची चव. मी ती ‘सुधारली’ नाही.

पहिल्या बैठकीत बहुतेकींनी मला भाषणं दिली. आई म्हणजे त्याग, आई म्हणजे देवाचं रूप, बाईचा जन्म सार्थकी लागला वगैरे. चहा झाला, निघायची वेळ झाली, चपला घालताना एखादी म्हणायची, “आणि ते लिहू नकोस, पण…” या पुस्तकातला निम्मा मजकूर त्या ‘पण’नंतरचा आहे, अर्थात नंतर परवानगी घेऊन लिहिलेला. मला एक लक्षात आलं. ‘मातृत्व’ म्हटलं की बाई पाठ केलेलं बोलते. ‘बाळंतपण’ म्हटलं की खरं बोलू लागते. कळा, वार, टाके, दुधाच्या गाठी, ओली बाळंतीण: मराठीत या सगळ्याला रोखठोक शब्द आहेत. ते आजीने सुईणीकडून आणि आईने आजीकडून घेतले. सभेत मात्र आपण ‘मातृत्व’ घेऊन जातो.

दुसऱ्यांना बोलतं केलं तर आपलंही सांगावं, म्हणून माझं इथेच सांगते. माझा मुलगा 1984 साली झाला. तात्यापाऱ्यातलं जुनं घर, बाळंतिणीची खोली मागची, खिडकी एक आणि तीही वारा नको म्हणून बंद. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, धुरीला ओवा आणि वावडिंग, पोटाला आवळून बांधलेलं जुनं लुगडं. सासूबाईंनी महाराष्ट्रातला बाळंतकाढा मागवला होता, शेजारच्या छत्तीसगढी काकूंनी त्यांचं ‘काँके पानी’ आणून दिलं होतं. ते छठ्ठीला करतात, त्याची जडीबुटी गोल बाजारात मिळते. दोन्ही मला प्यावं लागे. डिंकाचे लाडू होते, आळिवाची खीर होती. कौतुकात काही म्हणजे काही कमी नव्हतं.

नवव्या रात्री मूल दोन तास रडत होतं. उजव्या स्तनात दगडासारखी गाठ झाली होती आणि ती ठणकत होती. मी मुलाकडे पाहिलं, आणि मला काहीही वाटलं नाही. माया नाही, रागही नाही. हे कुणीतरी उचलून न्यावं आणि मला झोपू द्यावं, एवढंच वाटलं. आणि लगेच दुसरी भीती वाटली, की हे जे वाटलं नाही ते कुणाला कळलं तर?

मालिशवाली बाई त्या रात्री आमच्याकडेच मुक्कामाला होती. उठून आली, माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, “सुत जा नोनी, लइका ल मैं धरे हंव.” झोप पोरी, लेकराला मी धरलंय. तिने मला काही विचारलं नाही, समजावलंही नाही. सकाळी गरम पाण्याच्या फडक्याने गाठ शेकता शेकता तिने आपलं सांगितलं. सहा बाळंतपणं, हयात तीन. चौथ्याच्या वेळी तिनेही महिनाभर पोराकडे पाहिलं नव्हतं. सासू म्हणाली बाहेरचं लागलंय, झाडफूक करणाऱ्या बैगाला बोलावलं. “मला काही लागलं नव्हतं,” ती हसून म्हणाली, “मी दमले होते.” आज ज्याला डॉक्टर प्रसूतिपश्चात नैराश्य म्हणतील त्याचं यापेक्षा चांगलं वर्णन मी वाचलेलं नाही. सगळंच नैराश्य दमण्याने येत नाही आणि सगळं झोपेने जातही नाही, त्याला औषध लागतं, हे मी जाणते. पण ती दमली होती हे ऐकून घेणारं कुणी नव्हतं, हेही तितकंच खरं. तिचं बोलणं या पुस्तकात नाही, ती गेली त्याला वीस वर्षं झाली. पण चौदा जणींच्या आधीची ती पहिली.

मराठीत आईविषयी किती लिहिलं गेलं! आणि जवळजवळ सगळं मुलांनी. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिलं, 1935 साली ते छापून आलं, 1953 साली अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. आमच्या इथल्या मराठी घरांत हिंदी शाळेत जाणाऱ्या मुलांना मराठी यावं म्हणून हेच पुस्तक हातात दिलं जाई. मी त्या पुस्तकाची निंदा करणार नाही. रडले आहे मी त्यावर, आणि ते रडू खोटं नव्हतं. शिवाय ती आई काही गोड-गोड नाही. ती मारते, कर्जापायी होरपळते, अपमानाने जळते. पण तिच्याविषयी सांगतो तो श्याम. तुरुंगातल्या मुलाला आठवते तेवढीच आई आपल्याला दिसते. श्याम झोपल्यावर ती काय विचार करत होती, हे श्यामला ठाऊक असणं शक्य नाही.

त्याच्याच आगेमागे, 1934 साली, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग आला. या लक्ष्मीबाईंचा आमच्या भागाशी संबंध आहे, आणि तो सांगायची संधी मी सोडणार नाही. रायपूरहून पश्चिमेला सत्तरेक किलोमीटरवर राजनांदगाव. नारायण वामन टिळकांना तिथे जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने बायबल दिलं, आणि 1895 साली त्यांनी धर्मांतर केलं. लहान मुलाला घेऊन मागे राहिलेल्या बाईचं काय झालं, ते बाईनेच सांगितलं. शिक्षण जेमतेम, पण लिहिणं असं की रडू येण्याच्या जागी हसू फुटतं आणि हसता हसता पोटात कळ येते. पोरांची आजारपणं, घरातली उपासमार, नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा, स्वतःचा भित्रेपणा, सगळं एकाच आवाजात. स्वतःला देवी करावं हे त्यांच्या ध्यानीमनीही नाही. एकाच सुमाराला मराठीने ही दोन पुस्तकं पाहिली, आणि शाळेत, व्यासपीठावर, गाण्यांत आईची मूर्ती घडली ती पहिल्यावरून. दुसऱ्याला आपण ‘विनोदी आत्मचरित्र’ म्हणून मोठं केलं आणि बाजूला ठेवलं.

यात कुणाचा कट नाही. मूल आईविषयी लिहितं तेव्हा ते आपल्या भुकेच्या बाजूने लिहितं, आणि भुकेल्याला वाढणारी नेहमीच अन्नपूर्णा दिसते. तिच्या ताटात काय उरलं हे बघायला वाढलेल्या मुलाचे डोळे लागतात, आणि बरेचदा तोवर ती भिंतीवरच्या फोटोत गेलेली असते. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातल्या कोवळ्या बाळंतिणींची भूक लिहिली, तेव्हा ते ताट पहिल्यांदा इतक्या उजेडात आलं. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि दहा दिवसांत मूल गेलं. त्यांच्या चरित्राच्या शालेय धड्यात ही एक ओळ असते. पुढे अमेरिकेत जाऊन 1886 साली डॉक्टर झालेल्या या बाईने प्रबंधाचा विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचाच. धड्यातली ती ओळ आणि तो विषय कुणी शेजारी ठेवून दाखवत नाही.

भाबड्या गौरवाने काय बिघडतं, असं मला एका जाणत्या गृहस्थांनी विचारलं. आईचे गोडवे गायले तर गाऊ द्या की. बिघडतं असं की जिचं सोसणं हेच तिचं भूषण ठरवलं, तिचं सोसणं कमी करायची घाई कुणालाच राहत नाही.

रायपूरच्या दक्षिणेला दल्ली राजहरा ही लोखंडाची खाण. 1979 साली तिथल्या कामगार संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात गेल्या. त्या वाचल्या असत्या, पण इस्पितळात त्यांच्याकडे वेळेवर लक्ष दिलं गेलं नाही, असं कामगारांचं म्हणणं होतं. शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखालच्या या खाणमजुरांनी पुढे स्वतःच्या घामाच्या पैशांतून इस्पितळ उभारलं. 1983 साली सुरू झालेलं शहीद रुग्णालय ते हेच. कुसुमबाईंना वंदन करून त्यांना थांबता आलं असतं. त्यांनी खाटा आणि डॉक्टर आणले.

आणि मग 8 नोव्हेंबर 2014. बिलासपूरजवळ, एका बंद पडलेल्या इस्पितळाच्या इमारतीत नसबंदीचं शिबिर. एका डॉक्टरने काही तासांत 83 बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या आणि पुढच्या दोन दिवसांतल्या शिबिरांनंतर मिळून किमान तेरा जणी मेल्या. सगळ्या लेकुरवाळ्या. पुरे आता, एवढी मुलं नीट वाढवू, असं ठरवून गेलेल्या. घरी तान्ही होती. ते फोटो तेव्हा वर्तमानपत्रांत आले: आजीच्या मांडीवर तान्हं मूल, चंदखुरीच्या मूर्तीसारखंच, फक्त मांडी आईची नाही. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं.

आमच्या राज्यात ‘महतारी’ या शब्दाला, म्हणजे आईला, तोटा नाही. राज्य हीच छत्तीसगढ महतारी, तिचे पुतळे आहेत. गरोदर बाईला इस्पितळात नेणारी 102 नंबरची गाडी महतारी एक्सप्रेस. ती खरोखर उपयोगी आहे, त्या गाडीत जीव वाचलेली एक जण या पुस्तकात आहे. 2024 पासून महतारी वंदन योजना, महिन्याला हजार रुपये. त्या हजारात किती बायकांनी पहिल्यांदा न विचारता स्वतःचं औषध आणलं हे मी ऐकलं आहे, म्हणून टिंगल करणार नाही. फक्त एक बारकावा सांगते. योजनेच्या अटीत बाई विवाहित हवी. विधवा, घटस्फोटित, टाकलेलीही चालते. मूल असण्याची अट नाही. लग्न झालेली बाई म्हणजे महतारी, हे सरकारनेही गृहीतच धरलं! दुसरीकडे 2018 ते 2020 या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे छत्तीसगडात 137 माता दगावत होत्या, महाराष्ट्रात 33. वंदन दोन्हीकडे सारखंच होतं.

सणांचंही बघा. श्रावण वद्य षष्ठीला इथे खमरछठ, मुलांसाठी आईने धरायचा उपास. अंगणात सगरी, म्हणजे छोटंसं तळं, खणायची, तिच्यात पाणी ओतायचं, नांगर न लागलेला पसहर तांदूळ, सहा भाज्या, म्हशीचं दूध-दही. मग छुहीच्या पांढऱ्या मातीत बुडवलेला कापडाचा बोळा मुलाच्या पाठीवर हलकेच मारायचा, की तो सुखरूप राहो. आमच्या गल्लीतल्या मराठी बायकाही हे करू लागल्या आहेत, आणि नऊ दिवसांनी पिठोरीला डोक्यावर खिरीचं वाण धरून “अतिथी कोण?” हेही विचारतात. मागून मूल म्हणतं, “मी.” मला हा खेळ फार आवडतो, आजही करते; माझा चाळिशीचा मुलगा व्हिडिओ कॉलवर “मी” म्हणतो. पण सगळ्या उपासांची दिशा एकच, आईकडून मुलाकडे. बाळंतिणीसाठी कुणी उपास धरल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता उलट टोकाचंही सांगायला हवं, नाहीतर हे पुस्तक एका मखरातून काढून बाईला दुसऱ्या पिंजऱ्यात बसवतंय असं वाटेल. आईच्या मायेचा पंचनामा करायचा झाला की आपल्याकडे हमखास माकडिणीची गोष्ट निघते. बादशहाच्या हौदात माकडीण आणि तिचं पिलू. पाणी चढतं तशी ती पिलाला खांद्यावर घेते, डोक्यावर घेते, आणि पाणी नाकाशी आलं की त्याला पायाखाली घालून वर उभी राहते. बघा, शेवटी प्रत्येकाला आपला जीव प्यारा! सांगणारा हसतो, ऐकणारे माना डोलावतात. हौदात पाणी कोण सोडत होतं, हे मात्र त्या गोष्टीत कुणी विचारत नाही.

मला या पुस्तकात डोक्यावरचं पिलूही नको होतं आणि पायाखालचंही. पाणी कुठवर आलं होतं, ते हवं होतं. इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक विनिकॉट यांनी 1949 सालच्या एका निबंधात आईला आपल्या तान्ह्याचा राग का येतो याची अठराएक कारणं मांडली, आणि भाबडेपणा आईबापांच्या काही कामाचा नाही असं म्हटलं, कारण त्यात हा राग नाकारलेला असतो. राग येतो हे जिला कबूल असतं तिला तो आवरता येतो. आमच्यातल्या एकीने हेच एका वाक्यात सांगितलं: “बडवावंसं वाटलं की मी गच्चीत जाऊन पापड वाळत घालायची. त्या वर्षी पापड फार झाले.”

हल्ली मोबाइलवर तरुण आया आपली दमछाक जगजाहीर करतात, त्याला काही जणी नाकं मुरडतात. मला त्यातलं थोडं खरं वाटतं, थोडं नवीन व्यासपीठ वाटतं. त्याग मिरवणं आणि वैताग मिरवणं यांत मिरवणं सारखंच. प्रामाणिकपणा म्हणजे तक्रार नव्हे. चौदांपैकी तिघींनी मला सांगितलं की आयुष्यात मुलं वाढवण्याइतकं सुख त्यांना दुसऱ्या कशात मिळालं नाही. मी उलटसुलट विचारलं, त्या हलल्या नाहीत. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं आहे. एकीला दोन मुलं आहेत, दोघंही तिला जीव लावतात, आणि पुन्हा जन्म मिळाला तर आई होणार नाही असं तिने शांतपणे सांगितलं. तेही जसंच्या तसं आहे.

आणि एक जण आई झालेलीच नाही. तिला का घेतलं, असं बाकीच्यांनी विचारलं. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं 1921 साली, आणि 1927 पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून एकच गोष्ट सांगितली, की मूल व्हावं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. शंभर वर्षं झाली, तरी आमच्या हळदीकुंकवाला या बाईची ओटी भरताना हात अडखळतात. तिला मी कौसल्येचं म्हणणं वाचून दाखवलं, वांझेला एकच दुःख असतं ते. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “एकही नसलं तर?” तिचं प्रकरण शेवटचं आहे.

राहता राहिलं एक स्पष्टीकरण. या पुस्तकात कुणाचंही नाव नाही. मी सगळ्यांना विचारलं होतं. चौदांपैकी अकरा जणींनी नाव घालू नको म्हणून सांगितलं. नवऱ्याची भीती कुणालाच नव्हती, बऱ्याच जणींचे नवरे आता नाहीतही. सासूची तर नव्हतीच. अकरा जणींनी कारण एकच दिलं: मुलगा वाचेल.

मग उरलेल्या तिघींची नावंही मी काढून टाकली, माझं स्वतःचंही.

तात्यापारा, रायपूर
पिठोरी अमावस्या